चारशे अठराच्या दारातलं पाणी

मी पोस्टमन होतो, तोसुद्धा टेम्पररी. हे आधीच सांगतो, कारण ही हकिगत ऐकली की लोक हमखास म्हणतात, "नोकरी होती हो तुमची, तुम्ही तरी काय करणार?" नोकरीचा काही संबंध नाही. मला तहान लागलेली. बस्स, एवढंच झालं, आणि सहा बराकींतली माणसं उचलली गेली.

आम्ही ठाकुर्लीला राहायचो. वडील रत्नागिरीकडचे, रेल्वेच्या पॉवरहाऊसमध्ये कामाला. मी मॅट्रिक झालेलो, लग्नही झालेलं, आणि नोकरीच्या नावाने शून्य. फाळणी झाली तशी कल्याणच्या पलीकडे लढाईच्या दिवसांतली जी लष्करी छावणी ओस पडलेली, तिथे सिंधमधून आलेल्या लोकांना आणून ठेवलं. माणसं आली, मागोमाग त्यांची पत्रं आली, गोणीच्या गोणी. पोस्टाला हात पुरेनात म्हणून माझी वर्णी लागली. सायकल माझी, खाकी डगला आणि पिशवी सरकारची. काम नीट केलंस तर कायम करू, असं पोस्टमास्तरांनी सांगितलेलं.

त्या पत्रांवरची नावं मला वाचता यायची नाहीत. अरबी वळणाची सिंधी, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. मला कळायचा तो फक्त इंग्रजी आकड्यांतला बराकीचा नंबर. भिंतीवर लष्कराने काळ्या रंगात नंबर टाकलेले होते. भिंतीवरचा बघायचा, पत्रावरचा बघायचा, जुळला की हाक मारायची. बराकी सगळ्या एकसारख्या, लांबच लांब, आत गोणपाटाचे पडदे बांधून संसार मांडलेले. आणि नंबर क्रमाने असतील तर शपथ! लष्कराने जशा बांधल्या तसे ठोकले असावेत. दोनशे बाराच्या शेजारी पाचशे नऊ. पहिला महिना मी रडकुंडीला आलेलो. नंतर सगळं डोक्यात बसलं, आणि मग मला त्याची घमेंड चढली. अख्ख्या छावणीत कुठली बराक कुठे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही, असं मी घरी दहा वेळा सांगायचो.

चारशे अठरा ते चारशे तेवीस या सहा बराकी मात्र शहाण्यासारख्या एका रांगेत होत्या. त्यांत सगळी एकाच गावची माणसं, शिकारपूरच्या दोन गल्ल्यांतली. वाटेत फुटलेली, कोण कुठे, कोण कुठे, पण एकमेकांना हुडकत, जागांची अदलाबदल करत तिथे पुन्हा एकत्र आलेली. रांगेतली पहिली बराक चारशे अठरा. तिच्या दारात, नंबराच्या बरोब्बर खाली, एक म्हातारी बसायची. सगळे तिला अम्मा म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो.

अम्माचा एकुलता एक मुलगा मागे राहिलेला. घराचं काहीतरी मार्गी लावतो आणि पुढच्या बोटीने येतो म्हणाला, तो आलाच नाही. अम्माला मुंबईला उतरवल्यावर आधी एका छावणीत, मग दुसरीत, मग इथे आणलं. त्यामुळे त्याच्याकडे आधीचे पत्ते गेले असतील ते सगळे खोटे ठरलेले. इथून ती दर आठवड्याला एक पत्र धाडायची. तिला लिहिता येत नसे. शेजारच्या बराकीत एक मास्तर होते, सिंधमध्ये शाळा चालवलेले, ते लिहून द्यायचे. अम्माचं त्यांना एकच सांगणं असायचं, नंबर मोठा काढा. भिंतीवरचा नंबरही ती फिकट होऊ द्यायची नाही. काजळीत तेल कालवून दर पंधरवड्याला बोटाने गिरवायची, दारात रांगोळी काढावी तशी मन लावून. मी वळणावरून आलो की आधी तो नंबर दिसायचा आणि मग अम्मा.

"टपाली, ख़त?" ती विचारायची. टपाली आणि पाणी हे शब्द तिचे नि माझे एकच, त्यामुळे आमचं बरं जमायचं. मी नाही म्हणून मान हलवली की ती आत जायची आणि भाजलेला पापड नि पेलाभर पाणी घेऊन यायची. "पुट, पाणी पीउ." पुट म्हणजे पोरा. दारात आलेला माणूस पापड-पाण्याशिवाय सोडायचा नाही, ही त्या लोकांची रीत. स्वतः नळावर दोन-दोन तास रांग लावून बादली आणायची आणि त्यातला पेला माझ्या हातात द्यायचा. पत्र असो नसो, त्या दारात मी सायकलवरून पाय टेकायचोच. बायकोला हे सांगितलं तर ती फणकारली, "प्यायचं तर प्या, वर कौतुक कसलं सांगताय?" तिच्या माहेरी परक्याकडचं पाणी चालत नसे. मी मात्र कौतुक सांगतच सुटलेलो.

त्याच कौतुकापायी एकदा माती खाल्ली. छावणीवर नवे साहेब आलेले, पुण्याकडचे, बोलायला अगदी गोड. एका सकाळी ऑफिसच्या पायरीवर उभे होते. मला म्हणाले, "काय पोस्टमन, कशी काय आहे ही मंडळी?" साहेबांनी आपल्याला विचारलं म्हणून मी फुगलो. म्हटलं, "चांगली आहेत साहेब. चारशे अठराची म्हातारी तर मला रोज पापड-पाणी दिल्याशिवाय पुढे सोडत नाही." साहेब हसले. "भाग्यवान आहात," म्हणाले. मीही दात काढले आणि सायकल हाणली.

चैत्र संपता संपता ऑफिसच्या भिंतीवर नोटीस लागली. चारशे अठरा ते चारशे तेवीस या बराकी रिकाम्या करायच्या आणि तिथल्या लोकांना आगगाडीने लांब मध्य प्रांताकडच्या छावणीत हलवायचं. कारण काही लिहिलेलं नव्हतं. कोणी म्हणे तिथे गोदाम होणार, कोणी म्हणे मास्तर फार अर्ज करतात म्हणून. मास्तर अर्ज करायचे हे खरं. पाण्यासाठी, शाळेसाठी, अळ्या पडलेल्या पिठासाठी. सगळे रजिस्टरने जायचे, माझ्याच हातून.

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा त्या लोकांचाच राग आला. डोक्यावर छप्पर आहे, फुकट धान्य मिळतंय, सरकार तिकडे जा म्हणतंय तर जावं की मुकाट्याने! कल्याणच्या बाजारात सगळे हेच बोलायचे आणि मी त्यातलाच. मास्तरांना मी तोंडावर तसं म्हटलंसुद्धा. मास्तर चिडले नाहीत. म्हणाले, "टपाली, किसी चिट्ठी का पता काट के तुम अपने मन से दूसरा लिखोगे?"

"छे! नोकरी जाईल माझी," मी म्हटलं.

"हमारा पता तीन बार काटा है इन्होंने," मास्तर म्हणाले. "अब चौथी बार. इस कतार में हर घर किसी की राह देख रहा है, और जिसकी राह देख रहा है उसके पास सिर्फ़ यह नंबर है."

अम्मा तिथेच बसलेली, पापडाचा तुकडा हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सहा बराकी ऑफिससमोर येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी सहाच नव्हत्या, बाजूच्याही आल्या. बायका पुढे. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही, नुसत्या बसून. मला त्या गप्प बसण्याचीच धडकी भरली. रेशनवर मिळालेल्या पिठाच्या पिशव्या त्यांनी परत आणलेल्या आणि ऑफिसच्या पायरीवर ओळीने ठेवलेल्या. नोटीस उतरत नाही तोवर तुमचं पीठ नको. सहा बराकींवर धूर दिसेना. पोरांना दुसऱ्या बराकीतल्या बायका घास भरवत होत्या आणि मोठी माणसं पाण्यावर होती. साहेब बाहेर आले, हात जोडले, गोड आवाजात म्हणाले, "माताजी, घर जाइए."

अम्मा उठून उभी राहिली. "वही तो पूछने आए हैं," ती म्हणाली, "कौन से घर?"

कोणी हसलं नाही. साहेब तेवढे हसले. त्यांचं ते हसू मला अजिबात आवडलं नाही, पण तेव्हा मी पुढे निघालो, डाक वाटायची राहिलेली.

मग ठाण्याहून पोलीस आले. रस्त्याच्या कडेला तंबू पडले. सहा बराकींचं धान्य तोडलं, पाच जणांनी एकत्र उभं राहायचं नाही असा हुकूम निघाला, आणि शुक्रवारी ट्रक येणार हे जाहीर झालं. बाजारात लोक हलक्या आवाजात म्हणायचे, आता गोळीबार होणार. बायको म्हणाली, "शुक्रवारी जाऊ नका. आजारी आहे म्हणून सांगा." मी तिच्यावर खेकसलो. खेकसलो कारण तोच विचार माझ्याही डोक्यात चाललेला.

बुधवारी सकाळी वळणावरून आलो आणि मला चुकल्यासारखं वाटलं. नंबर दिसेना. समोर नुसती भिंत. मागे वळून पाहिलं तर त्या बराकीवरही नाही, पलीकडच्याही नाही. पहाटेपासून बायकांनी माती, भुसा, पाणी कालवून छावणीतल्या सगळ्या बराकींचे नंबर लिंपून टाकलेले. सहाचेच लिंपले असते तर नंबर नसलेल्या त्या सहा म्हणून लगेच कळलं असतं, म्हणून सगळ्यांनी लिंपले. ज्यांना कोणी हलवत नव्हतं त्यांनीही. ओल्या मातीवर बोटं उमटलेली. शेकडो बराकी, एकसारख्या, आणि कुठली कुठली हे सांगणारं काही नाही. उन्हात ती माती वाळत चाललेली आणि सगळीकडे अशी शांतता की मला सायकलची चेन ऐकू येत होती.

अम्मा दारात बसून घमेल्यात हात धूत होती.

"अम्मा, हे काय केलंत?" मी ओरडलोच. "तुमचा मुलगा कसा येणार आता?"

तिने ओला हात माझ्या कपाळाला लावला. "नंबर तेरे सिर में है न? बस. वह आएगा, तू ले आएगा."

मला भरून-बिरून आलं नाही. भीती वाटली, सरळ भीती. त्या बाईने मुलाची वाट स्वतःच्या हाताने बुजवली आणि उरलीसुरली माझ्या डोक्यात ठेवून दिली. आणि डोकं हे असं, बडबड्याचं.

ऑफिसात गोंधळ उडालेला. ऑफिसच्या भिंतीवर छावणीचा नकाशा असायचा, तोही नाहीसा. कारकून निम्मे छावणीतलेच सिंधी, त्यांना अचानक काही आठवेना. पोलीस बाहेरचे. कोणाला विचारलं, "ही कुठली बराक?" तर उत्तर यायचं, "हमारी." साहेब स्वतः आल्यापासून ऑफिस आणि बंगला यापलीकडे फारसे गेलेले नव्हते. तेव्हा दुपारी मला बोलावणं आलं. खुर्ची दिली. पोस्टमनला खुर्ची! मी टोकावर बसलो.

"तुम्ही आज डाक वाटलीत?" साहेबांनी विचारलं.

"वाटली."

"म्हणजे तुम्हाला बराकी कळतात. आमच्या माणसाला त्या सहा दाखवून द्या. तुमचं कायम होण्याचं आहे ना? मी शब्द टाकतो."

कसंबसं म्हटलं, "साहेब, खात्याचा नियम आहे. पत्ता ज्याचा त्यालाच, दुसऱ्याला सांगता येत नाही." असा नियम आहे की नाही देव जाणे. मी ठोकून दिलं.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अगदी बरोबर. नियम तो नियम. तुम्ही फक्त आपलं काम करा. उद्याची डाक नेहमीसारखी वाटा, आमचं काही म्हणणं नाही." मी नमस्कार करून बाहेर आलो.

गुरुवारी पोस्टात डाक लावायला बसलो आणि कळलं. सहा लांबडे सरकारी लिफाफे, प्रत्येक बराकीला एक. नेहमीसारखी वाट म्हणजे काय ते उमजलं. साहेबांचा माणूस मागे येणार, आणि ते लिफाफे द्यायला मी सायकल जिथे जिथे लावीन ती बराक. मी ते सहा लिफाफे बाजूला काढले आणि पाठीवर लिहिलं, "बराक सापडत नाही." सही ठोकली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा सरकारला नाही म्हटलेलं. आणि गठ्ठ्यात खाली अजून एक पत्र निघालं. परक्या देशाचं तिकीट, उलटी अक्षरं, आणि इंग्रजीत मोठ्ठा चारशे अठरा.

मी ते हातात धरून बसलो. दीड वर्ष ती बाई रोज विचारत होती, आणि पत्र यायचं ते आजच! दिलं तर बराक कळली. एक कळली की रांगेतल्या पुढच्या पाच मोजायला पोलीस लागत नाही, शाळेतलं पोरही पुरे. मग ठरवलं, संध्याकाळी घरच्या कपड्यांत, चालत जाऊन द्यायचं. पत्र पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि निघालो.

छावणीत शिरताच एक हवालदार सायकलवर मागे लागला. लपूनछपून नाही, उघड, वीस-पंचवीस हात अंतर ठेवून. मी थांबलो की तोही थांबायचा. मी मनात म्हटलं, ये बेट्या, दमवतो तुला. उगाच गल्ल्याबोळांतून फिरवला. त्याला बघून लोक दारं लावून घेत होते. एरवी चार ठिकाणी तरी पाणी विचारायचे, त्या दिवशी कोणी डोकं बाहेर काढलं नाही. वैशाखाचं ऊन, तापलेली पत्र्याची छपरं, घशाला कोरड. दुपार झाली. मी त्या रांगेपाशी आलो, न थांबता जायचं हे पक्कं करून.

अम्मा दारात उभी होती. बसलेली नव्हती, उभी. एका हातात पापड, एका हातात पेला. मागचा हवालदार तिलाही दिसत असणार.

"पुट, पाणी पीउ."

हे मी हजार वेळा आठवून पाहिलंय. तिची हाक आधी आली की माझा पाय आधी टेकला? त्या दारात पाय टेकायची इतकी सवय झालेली की विचार करायला सवडच मिळाली नाही. पेला तोंडाला लावला. गार पाणी होतं, मातीच्या मडक्यातलं. घटाघटा प्यालो. पापडही खाल्ला, गाढवाने. काय वाटलं सांगू? सुख वाटलं.

"टपाली, ख़त?"

"नाही, अम्मा."

पत्र पिशवीतून मांडीला लागत होतं. हवालदाराने टोपी काढली, घाम पुसला, भिंतीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सायकल वळवून निघून गेला. मला वाटलं, कंटाळला. जिंकलो असंच वाटलं मला.

चौकापर्यंत आलो तेव्हा साहेबांचं ते हसू आठवलं. "भाग्यवान आहात." रोज पापड-पाण्याशिवाय पुढे सोडत नाही ती चारशे अठरा. मीच सांगितलेलं. मी रस्त्यात सायकल आडवी टाकून खाली बसलो. परत जाऊन सांगायला हवं होतं, ताबडतोब. गेलो नाही. हवालदार पुन्हा पाहील, नोकरी जाईल, संध्याकाळी सांगू, असं स्वतःला समजावलं. संध्याकाळी गेलो तर छावणीच्या तोंडाशी बंदूकवाले उभे. आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही.

ट्रक गुरुवार उलटला की लगेच आले, उजाडता उजाडता. मी डगला चढवून, पिशवी अडकवून धावलो. गोळीबार झाला नाही. कोणी हातसुद्धा उगारला नाही. सहा बराकींतली माणसं जमिनीवर आडवी झोपून राहिलेली आणि पोलीस एकेकाला चौघे धरून उचलत होते. उचललं की ते अंग सैल सोडत, बोलत नसत. एक झाला की पुढचा. मला अडवलं तेव्हा मी ओरडलो, "टपाल आहे! टपाल आहे!" आणि सरकारी पिशवी बघून त्यांनी वाट दिली.

अम्मा दुसऱ्या ट्रकमध्ये, मास्तरांच्या बाजूला. मी पत्र वर दिलं. तिने ते आधी छातीशी धरलं, मग मास्तरांना दिलं. मास्तर ट्रकच्या फळीला टेकून तिला वाचून दाखवत होते आणि मला हिंदीत सांगत होते. मुलगा निघालेला. बोटीची जागा मिळाली होती. पंधरा-वीस दिवसांत मुंबईला उतरेन, तिथून सरळ बराक नंबर चारशे अठरा.

ट्रक सुरू झाला. मला वाटलं आता ती मला काहीतरी बोलेल. बोलायला हवं होतं. ती वाकून मोठ्याने म्हणाली, "नंबर लिख दे, पुट! वह नंबर ढूँढेगा!"

सगळे गेल्यावर मी दगडाने ती माती खरवडली. नखांनी खरवडली. खाली नंबर जसाच्या तसा, काजळीने काळाभोर. गिरवायची गरजच नव्हती.

त्या बराकींत गोदाम झालं नाही. आठवड्याभरात दुसरी सिंधी कुटुंबं आणून ठेवली. साहेबांनी शब्द टाकला की नाही ठाऊक नाही, मी त्या वर्षी कायम झालो. कामात कसूर नाही, असा शेरा होता. मी रोज त्या दारात थांबायचो आणि नव्या लोकांना बजावायचो, असा असा माणूस आला तर त्याला बसवून ठेवा. शेवटी एका सकाळी तो पायरीवर बसलेला दिसला. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, हातात एक वळकटी. नाक अगदी अम्माचं. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगायचं तेवढं. मधल्या दिवसांत मास्तरांचं कार्ड आलेलं, त्यावरून त्या लांबच्या छावणीचा पत्ता उतरवून ठेवलेला, तो दिला. घरातल्या बाईने रीतीप्रमाणे दोघांना पापड आणि पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "सारे नंबर मिटा दिए थे, तो पुलिस को पता कैसे चला?"

"गिन के," मी म्हटलं. मोजून.

खोटं नव्हतं ते. पहिली कळल्यावर पुढच्या मोजल्याच की त्यांनी. तो माझे हात हातात घेऊन आभार मानून गेला, आणि मी चार दिवस नीट जेवलो नाही.

पावसाळा सरताना एक कार्ड आलं. पोस्टाच्या पत्त्यावर, इंग्रजीत नुसतं "टपाली". आत उलटी अक्षरं. छावणीच्या नाक्यावर एक सिंधी कापडवाला बसायचा, त्याच्याकडून वाचून घेतलं. मुलगा पोचला, असं होतं. दोघं बरी आहेत. तिथे पाणी खारट आहे. मास्तर तिथेही अर्ज करतात. आणि शेवटी लिहिलेलं, "उस दिन तुझे पुकारना नहीं था मुझे. पीछे सिपाही दिखता था. पर तेरे होंठ सूखे थे. भूल मेरी है, पुट. तू दिल पर मत लेना."

कापडवाल्याने कार्ड उलटसुलट पाहिलं. "कौन सी भूल?" त्याने विचारलं.

मी कोरं कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, आधी पत्ता घाल, आणि त्यांच्या बराकीचा नंबर मोठा काढ. त्याने काढला. "मजमून?" आत काय लिहायचं म्हणून तो टाक शाईत बुडवून थांबला.

"लिही," मी म्हटलं, "अम्मा, तुमची हाक नंतर आली. पाय मी आधी टेकलेला."